खतावणीबाहेरची पाठदुखी

मणक्याच्या आजारांवर जगभर इतके लिहिले जाते की ते सारे वाचायचे म्हटले तर डॉक्टरला सात जन्म पुरायचे नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘पबमेड’ या सूचीत साडेतीन कोटींहून अधिक वैद्यकीय लेखांची नोंद आहे. म्हणून हे वाचन आता संगणकाकडे सोपवले जाते. तो हजारो शोधनिबंधांचे सारांश चाळतो, कोणते शब्द एकमेकांच्या सोबतीने येतात ते मोजतो आणि त्यांचे गट पाडतो. ‘गादी, कंबर, शस्त्रक्रिया’ हा एक गट. ‘क्षय, पू, औषध’ हा दुसरा. कोणता गट वर्षागणिक वाढला, कोणता रोडावला, हे पाहिले की संशोधनाचा कल कळतो. मणक्याच्या क्षयाला, पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने १७७९ साली केलेल्या वर्णनावरून, ‘पॉटचा रोग’ असेही म्हणतात. ही दोन नावे एकाच दुखण्याची आहेत, हे नव्या संगणकीय साधनांना संदर्भावरून ताडताही येते.

सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण माझी नोकरी बँकेत गेली, आणि खतावणी जरा संशयाने वाचण्याची खोड तेव्हापासून जडली आहे. शाखेच्या खतावणीवरून गावाचे कर्ज कधीच कळत नसे. ज्याचे खाते, त्याचीच नोंद. सावकाराकडे गहाण पडलेला दागिना आमच्या कोणत्याच तक्त्यात येत नव्हता. हा संगणकही तसाच. तो लिहिलेले मोजतो, दुखलेले नव्हे.

आमच्या गोंदिया जिल्ह्याचेच पाहा. हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात रोवणी लागली की बाया दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून पऱ्हे लावतात. राइस मिलमध्ये हमाल पोत्यामागून पोते पाठीवर घेतात. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, आणि तो मणक्यांनाही सोडत नाही. यातले किती दुखणे इंग्रजी शोधनिबंधापर्यंत पोचत असेल? बाई ‘कंबर धरली’ म्हणते, बाम चोळते आणि सकाळी पुन्हा बांधीत उतरते. जे लिहिलेच गेले नाही, ते संगणकाच्या आलेखात शून्य. उद्या असे आलेख पाहून संशोधनाचा पैसा वाटला जाऊ लागला, तर ज्यावर आधीच पुष्कळ लिहिले आहे त्यावरच आणखी लिहिले जाईल, आणि रोवणीची कंबर होती तिथेच राहील.

दोष संगणकाचा नाही. त्याच्यापुढे काय ठेवायचे, हे आपल्या हाती आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगावी आरोग्य केंद्रे आहेत. तेथल्या केसपेपरवर रुग्ण कोणते काम करतो, किती वर्षांपासून करतो, हे न चुकता लिहावे. बाईच्या तोंडचे शब्द तसेच मराठीत उतरवावेत. मराठी वाचणारी साधने आता उपलब्ध आहेत. रुग्णाचे नाव गाळून या नोंदी त्यांना मोजू द्याव्यात.

आधी किर्द, मग खतावणी, हा हिशेबाचा जुना नियम आहे. किर्दीतच न लिहिलेली रक्कम खतावणीत कोठून येणार?