भिंत चढणारी बोटं

कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बाई घरी आली की सगळे मायेनं बजावतात, 'आता इकडची काडी तिकडे करायची नाही.' सांगलीत माझ्या नणंदेला तिच्या जावांनी असंच पलंगावर बसवून ठेवलं. स्तनाच्या ऑपरेशननंतर खांदा असा आखडला की वेणी घालायला हात वर जाईना. मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला भिंतीसमोर उभं केलं. बोटांनी हळूहळू भिंत चढायची, जिथं ओढ बसेल तिथं थांबायचं, पेन्सिलीनं खूण करायची. ती खूण वर सरकली की घरात सण असायचा.

आपल्याकडे व्यायाम म्हटलं की औंध आठवतं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. साताऱ्यातलं औंध त्यांचं आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडीही त्यांचीच. त्या परंपरेचा मला अभिमान आहे. पण नमस्कारात अंगाचा सगळा भार हातांवर येतो, नुकत्याच शिवलेल्या छातीला तो झेपत नाही. त्या बाईचा व्यायाम भिंतीपासून, खुर्चीत बसून घेतलेल्या दीर्घ श्वासापासून सुरू होतो. तोही व्यायामच, हे घरच्यांना पटवणं फार अवघड.

मुंबईच्या टाटा मेमोरियलनं स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले. सौम्य आसनं, विश्रांती आणि प्राणायाम करणाऱ्या गटात आजार न परतता जगण्याचं प्रमाण तुलनेनं १५ टक्क्यांनी चांगलं होतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांचा परदेशातला अभ्यास २०२५ मध्ये आला. केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी ८० टक्के जण पाच वर्षांनी आजारमुक्त होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी ७४ टक्के. केमो-रेडिएशनचा थकवा झोपून जात नाही, थोडं थोडं चालल्यानं उतरतो.

आजार हाडांत पसरला असेल, प्लेटलेट उतरल्या असतील, ताप असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नको. यूट्यूब बघून शीर्षासन तर नकोच नको.

भेटायला जाणाऱ्यांनी सफरचंदाची पिशवी ठेवून निघण्यापेक्षा आजारी बाईला सकाळी आमराईसारख्या बागेत घेऊन जावं, बोलता बोलता दम लागणार नाही अशा चालीनं. आणि मिरज-कराड-साताऱ्याच्या दवाखान्यांकडे एक कळकळीचं मागणं: डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली कोणती हालचाल, कधीपासून, किती, हेही मराठीत लिहून द्या. सासूबाई डॉक्टरांचा कागद मानतात.