ऑलिव्हची बाटली आणि शेंगदाण्याचा डबा

मुलांनो, या आठवड्यात चाळीसगावहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. तिच्या आजोबांना गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला. दिवाळीला पुण्याहून काका आले, ते ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊनच. "आता घरात हेच वापरायचं. शेंगदाण्याचं तेल बंद!" असं त्यांनी बजावलं. आजी म्हणते, "भरताला शेंगदाण्याचंच तेल हवं." आई किंमत पाहून थेंब थेंब मोजते. आणि कुणाचं मन मोडू नये म्हणून आजोबा भाकरीबरोबर नुसता कांदा खातात! पत्राच्या शेवटी ती विचारते, "आमच्या तेलामुळेच आजोबा आजारी पडले का?"

आधी याच प्रश्नाचं उत्तर. नाही गं! हृदयविकाराला तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, बैठं काम, घराण्यातली प्रवृत्ती अशी कितीतरी कारणं असतात. सगळा ठपका एका तेलाच्या डब्यावर ठेवता येत नाही.

मग काका चुकले का? तेही नाही. ऑलिव्ह तेल चांगलंच आहे. ते बीचं नसतं, फळाचं असतं. ताजी फळं वाटून, न तापवता जे तेल काढतात, ते सगळ्यात उत्तम. १९५८ मध्ये ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानं सात देशांतल्या लोकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. ग्रीसच्या क्रीट बेटावरचे लोक ऑलिव्ह तेल भरपूर खात, तरी त्यांच्यात हृदयविकार फार कमी आढळला. पण ते लोक शेतात राबत होते. भाज्या, डाळी, फळंही खात होते, हे विसरायचं नाही. पुढे स्पेनमध्ये सात हजारांहून अधिक लोकांवर मोठा प्रयोग झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही चुका सुधारून २०१८ मध्ये तो पुन्हा छापला, तरी निष्कर्ष तोच राहिला: ऑलिव्ह तेल खाणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघात मिळून कमी झाले. गंमत म्हणजे, ज्या गटाला तेलाऐवजी अक्रोड, बदाम असा सुका मेवा दिला होता, त्यालाही फायदा झाला.

ऑलिव्ह तेलात असतं तरी काय? त्यातला मोठा भाग असतो ओलेइक आम्लाचा. हा स्निग्ध पदार्थाचाच एक प्रकार. तूप किंवा वनस्पती तुपासारखा तो थंडीत सहज थिजत नाही, आणि तुपाच्या जागी खाल्ला तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत करतो. १०० ग्रॅम ऑलिव्ह तेलात या प्रकारचे स्निग्ध पदार्थ साधारण ७३ ग्रॅम असतात. आणि आपल्या शेंगदाणा तेलात? साधारण ४६! तिळाच्या तेलात ४०. राहिलेल्यातला बराच भागही हृदयाला चालणाराच असतो. म्हणजे आजीचा डबा काही शत्रू नाही.

शब्दांतही ही गोष्ट लपली आहे बरं का. इंग्रजी 'ऑईल' हा शब्द मुळात ऑलिव्हवरून आला, आणि आपला 'तेल' शब्द तिळावरून! ज्याच्या अंगणात जे पिकलं, त्यानं त्याचं नाव तेलाला दिलं.

आता खरी मेख. तेल कुठलंही असो, एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात. बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला २० ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरतं. म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. तुमच्या घरी हिशेब करून बघा. पाच माणसं आणि महिन्याला सहा लिटर तेल असेल, तर माणशी रोज ३६ ग्रॅम झालं! शिवाय बाहेर खाल्लेली भजी आणि शेवभाजीची तर्री यात धरलेलीच नाही.

दुसरी गोष्ट तळणाची. पुऱ्या तळून उरलेलं तेल आपण गाळून ठेवतो आणि त्यातच पुन्हा पुन्हा तळतो. दर वेळी तापल्यावर तेल बिघडत जातं, काळसर आणि चिकट होतं. त्यात शरीराला अपायकारक पदार्थ तयार होतात. महागडं ऑलिव्ह तेलही यातून सुटत नाही. म्हणून कढईत तेल घालताना बेतानंच घालावं, आणि उरलेलं फोडणीला एक-दोन दिवसांत संपवावं.

तर मैत्रिणी, तुमच्या घरचा तंटा असा मिटव. काकांची बाटली कोशिंबिरीसाठी ठेव. कच्चं वापरलं तर तिचे गुण टिकतात. भरताला आजीचं शेंगदाण्याचं तेल असू दे, पण ते पळीनं न ओतता चमच्यानं मोजायचं. मोजायचं काम तू घे. शेंगदाणे निवडताना बुरशी लागलेले, काळे पडलेले दाणे फेकून द्यायचे. आजोबांना किती चालेल, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. ते काम काकांवर सोपव.

आणि आज संध्याकाळी आजोबांच्या ताटात भाकरीबरोबर गरम भरीत वाढ. सांग, "आजोबा, मोजून घातलंय. खा!" त्यांनी काय म्हटलं, ते आम्हाला नक्की कळव.