संगणकाची चूक, सोसायची कुणी?

शासनाचा एखादा कारभार संगणकावर नेण्याचे ठरले की, तो कधी सुरू होणार एवढीच चर्चा होते. तो मध्येच बिघडला तर त्याची झळ कोणास लागेल, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो न विचारण्याची किंमत महाराष्ट्राने २०१७ साली एकाच वर्षात दोनदा मोजली.

त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. कल्पना वाईट नव्हती. बेरजेच्या चुका व गैरप्रकार यांना तिने आळा बसला असता. परंतु सर्व विद्याशाखांचा भार नव्या यंत्रणेवर एकाच हंगामात टाकला गेला आणि तिची घडी बसण्यापूर्वीच तपासणी सुरू झाली. कायद्यानुसार ४५ दिवसांत लागावयाचे निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पण पुढच्या प्रवेशाची संधी हुकलेल्या विद्यार्थ्यास त्याने काय मिळाले?

दुसरा धडा शेतकरी कर्जमाफीचा. जून २०१७ मध्ये घोषित झालेल्या योजनेसाठी शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज मागविले गेले. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर अर्जांतील व बँकांकडील माहितीचा मेळ बसेना, एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावे आढळली, आणि रक्कम खात्यात पडण्यास विलंब होत गेला. गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावी या विलंबाचा अर्थ निराळा असतो. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या वाटेला लागतात. नावातील एका अक्षराची दुरुस्ती करण्यासाठी फडावरचा माणूस तालुक्याला कसा यावा? आला तर मजुरी बुडते, न आला तर कर्ज तसेच राहते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने दुखणे येथेच आहे. जोखीम पत्करण्याचा निर्णय एक जण घेतो आणि नुकसान दुसरा सोसतो, तेव्हा निर्णय घेणारा सावध राहत नाही. कंत्राटदाराचे देयक निघते, मंत्र्यांचा समारंभ पार पडतो. हेलपाटे मात्र अर्जदाराच्या पदरी येतात. त्या हेलपाट्यांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात कोठेच धरलेला नसतो, म्हणून प्रकल्प कागदावर स्वस्त दिसतो.

शासनाला हे शिकता येत नाही असे नाही. डिसेंबर २०१९ मध्ये घोषित झालेल्या कर्जमुक्ती योजनेत अर्ज मागविले गेले नाहीत. याद्या बँकांच्या नोंदींवरून तयार झाल्या. २४ फेब्रुवारी २०२० रोजी प्रथम केवळ ६८ गावांची, म्हणजे जिल्ह्यागणिक दोन गावांची यादी प्रसिद्ध झाली आणि मगच पुढच्या याद्या निघाल्या. चुका व्हावयाच्याच असतील तर त्या दोन गावांत व्हाव्यात, जिल्हाभर नव्हे, हे शहाणपण त्यामागे होते.

हा अपवाद न राहता नियम झाला पाहिजे. नवी यंत्रणा लहान क्षेत्रात पारखावी. ती भरवशाची ठरेपर्यंत जुनी नोंदवही बंद करू नये. बोटाचा ठसा उमटला नाही म्हणून कोणाचा हक्क अडू नये. त्यासाठी गावातच कागदी तजवीज असावी आणि तक्रार निकाली काढणारा अधिकारी नावानिशी ठाऊक असावा. मुहूर्त सणावरून नव्हे, चाचणीच्या निष्कर्षावरून ठरावा. आणि विलंबामुळे नागरिकाचे जे नुकसान होईल त्याची भरपाई अंदाजपत्रकातच धरावी.

या शेवटच्या अटीने प्रकल्प महाग होतील, अशी तक्रार होईल. ते महाग होणार नाहीत; ते आजही तेवढेच महाग आहेत. त्यांचे बिल आज उमापूरचा शेतकरी भरतो आणि ते कोणत्याही हिशेबात दिसत नाही, इतकेच.