सीमोल्लंघन आणि पहिली मोटारसायकल

विजयादशमीस परभणी, गंगाखेड, जिंतूर येथील दुकानांपुढे झेंडूच्या माळा ल्यालेल्या मोटारसायकली उभ्या राहतात. सोयाबीनचे पैसे हाती येताच मुलाला पहिली गाडी घेऊन देणाऱ्या पित्याचे आम्हांस कौतुक आहे. परंतु मुहूर्त पाहणाऱ्यांनी गाडीही पाहावी. बसल्यावर दोन्ही पाय भुईस टेकतात काय? नवख्या हातांना तिचे वजन पेलते काय? शस्त्रपूजा शोभते ती शस्त्र चालवू जाणणाऱ्यास. सरावावाचून आणि परवान्यावाचून वाहनपूजन अपुरेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हेल्मेट सक्तीचे केले आहे. तलवारीशेजारी ढालही पूजली जाते. मग गाडीशेजारी हेल्मेटलाही हळदकुंकू वाहावे. सीमोल्लंघनास गेलेला मुलगा सोने घेऊन सुखरूप घरी परतावा, यातच सणाचे मांगल्य आहे, असे आम्हांस वाटते.