उजेड धरणारा कुठं गेला?

दिवाळीत फुलबाजीनं हवेत आपलं नाव लिहिलं नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. शेवटचं अक्षर येईपर्यंत पहिलं विझलेलं असायचं, म्हणून हात आणखी जोरात फिरवायचा. लाइट पेंटिंग म्हणजे तोच खेळ, फक्त इथं कॅमेरा काहीच विझू देत नाही. शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात उजेड जिथं जिथं फिरेल, तिथं तिथं तो फोटोत साठत जातो.

आमच्या कारेगावात हा खेळ हल्ली गाड्यांवर चालतो. नवी गाडी आली की हार, पेढे, रांजणगावच्या महागणपतीपुढे नारळ आणि मग रात्रीचं शूट. ही शूट मीही करतो, पैसे घेऊन करतो. त्यामुळे पुढं जे लिहिलंय ते आधी माझ्यावर लागू आहे.

रीत सोपी आहे. दिवे नसलेली मोकळी जागा शोधायची. ट्रायपॉड, आयएसओ 100, अॅपर्चर एफ 8 किंवा 11, शटर 30 सेकंद. गाडीच्या लोगोवर टॉर्च मारून फोकस करायचा आणि तो मॅन्युअलवर टाकून तसाच ठेवायचा. बऱ्याच फोनच्या प्रो मोडमध्येही हे जमतं. मग एकानं एलईडीची ट्यूब घेऊन बोनेटपासून डिकीपर्यंत एका वेगानं चालत जायचं. रंगवलेला पत्रा आरशासारखा असतो, ट्यूबची रेघ त्यात उतरते. चालणारा मध्येच थबकला तर तिथं उजेडाचा डाग पडतो. एक फेरी छतासाठी, एक दारांसाठी, एक चाकांसाठी. शेवटी सगळ्या फ्रेम फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवून लेयर 'लाइटन'वर टाकायचे. मग प्रत्येक फ्रेममधलं उजळ तेवढं उरतं, काळं ते गळून जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: ट्यूब धरणाऱ्यानं काळे कपडे घालायचे आणि थांबायचं नाही. तो कुठंच पुरेसा वेळ उभा नसतो, त्याच्या अंगावर उजेड पडत नाही, म्हणून फोटोत तो नसतोच. दिसते ती फक्त गाडी, जणू आतूनच पेटलेली. लोक कमेंटमध्ये आग लावतात, म्हणजे आगीच्या इमोजी टाकतात.

माझं भांडण या नियमाशी आहे.

दुसऱ्या एखाद्या गावात मी हे भांडण काढलं नसतं. पण कारेगाव रांजणगाव एमआयडीसीला खेटून आहे. इथं फियाटचा कारखाना आहे. जीप कंपास 2017 पासून इथं बनते, टाटांची नेक्सॉनही इथलीच. आजूबाजूला सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने. गावातल्या खोल्या मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेल्या पोरांनी भरलेल्या. एकाच कॉटवर दिवसपाळीवाला रात्री झोपतो आणि रातपाळीवाला दिवसा. गाडी आपोआप तयार होत नाही, हे ज्या गावाला जगात सगळ्यात चांगलं माहीत असायला हवं, त्या गावात बसून आम्ही गाडी आपोआप उजळल्याचे फोटो काढतोय.

एका रात्रीचं सांगतो. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याकडेला काळ्या एसयूव्हीचं शूट होतं. छताची फेरी अगदी हवी तशी चालली होती. विसाव्या सेकंदाला वळणावरून कंपनीची बस आली आणि हेडलाइटची जाड पिवळी रेघ फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून गेली. मी बसला शिवी घातली, फ्रेम डिलीट केली, परत शटर दाबलं.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ भेटला. तो सुट्या भागांच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. म्हणाला, "काल रात्री पाळीला जाताना दिसलास की तू. आमची बस आली का फोटोत?"

"आली होती. उडवली, दादा. फोटो खराब झाला होता."

"बरं," म्हणाला. रागावला वगैरे नाही. न दिसण्याची त्याला सवय आहे. मला मात्र तो 'बरं' अजून पचलेला नाही.

पुढं हे तंत्र आलं कुठून ते वाचत गेलो आणि जास्तच अस्वस्थ झालो. उजेडाच्या रेघेचे फोटो कलाकारांनी हाती घेण्याआधी कारखान्यांसाठी काढले गेले होते. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवरा-बायकोनं 1914च्या सुमारास कामगारांच्या बोटांना बारीक विजेचे दिवे बांधले आणि शटर उघडं ठेवून ते काम करतानाचे फोटो काढले. फोटोत माणूस पुसट व्हायचा, हाताची रेघ ठळक उमटायची. त्या रेघेवरून कोणती हालचाल फालतू ते ठरायचं. फ्रँक स्वतः तरुणपणी वीटकाम करायचा आणि कामगाराचे श्रम वाचावेत असंही त्याचं म्हणणं होतं. पण अशी रेघ हातात आल्यावर मालकाला आणखी काय काय सुचतं, हे ज्याच्या कामाचे सेकंद मोजले जातात त्याला विचारा.

आता दुसरा फोटो. 1949 साली 'लाइफ' मासिकासाठी ग्योन मिली हा छायाचित्रकार फ्रान्समध्ये पिकासोकडे गेला. पिकासोनं अंधारात छोट्या दिव्यानं हवेत चित्रं काढली. त्या फोटोंत रेघही दिसते आणि पिकासोही दिसतो, उघडा, टकलू, डोळे रोखलेला. कारण मिलीनं शटर उघडं असताना फ्लॅश मारला.

तंत्र तेच आणि अंधारही तसाच. कलाकाराला फ्लॅश मिळाला, कामगाराची नुसती रेघ उरली. म्हणजे माणूस पुसला जाणं हा तंत्राचा नाइलाज नाही. फ्लॅश कुणावर मारायचा हे कुणीतरी ठरवतं. आमच्या शूटमध्ये ते मी ठरवतो.

आपल्याकडे ही सवय जुनीच आहे म्हणा. वरातीत डोक्यावर दिव्यांचं झुंबर घेऊन, जनरेटरच्या वायरीनं एकमेकांना बांधल्यासारख्या चालणाऱ्या बाया-माणसं आठवा. नवरदेवाच्या चेहऱ्यावरचा उजेड त्यांचा असतो. लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचा एकतरी फोटो पाहिलाय? उलट खंडोबाच्या जागरणात पाहा. तिथं दिवटी धरणाऱ्याच्या तोंडावर दिवटीचाच उजेड असतो. ज्याच्या हातात उजेड, तो दिसतो.

मित्र म्हणतात, "फोटो गाडीचा आहे, माणूस कशाला घुसवतोस?" गाडीचा आहे ना? मग त्या पत्र्यावर उमटलेली प्रत्येक रेघ एका माणसाच्या चालीची आहे. त्याचा हात थरथरला तर रेघ थरथरते. माणूस फोटोत आहेच, आपण फक्त त्याचं तोंड कापलंय. दुसरा म्हणतो, "गिऱ्हाईक पैसे देणार नाही." पटतं मला. गिऱ्हाइकाला त्याची चकाचक फ्रेम द्या. पण सगळ्याच्या सगळ्या फ्रेम गिऱ्हाइकाच्या नसतात. आणि जे हौसेनं काढतात, फक्त स्वतःच्या पेजवर टाकतात, त्यांना कुठलं गिऱ्हाईक अडवतं? त्यांनी हा नियम जाहिरातींतून उचलला आणि स्वतःचा समजून पाळला.

शिवाय काळे कपडे घालून नगर रोडच्या कडेला पोराला फिरवणं म्हणजे काय, याचाही विचार करा. तो कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून आपण जी काळजी घेतो, त्यामुळे तो ट्रकवाल्यालाही दिसत नाही. महामार्गाच्या कडेला शूट करूच नका.

लाइट पेंटिंग सोडा असं मी म्हणत नाही. मला ते फार आवडतं. एवढंच म्हणतो: प्रत्येक शूटमध्ये एक फ्रेम अशी काढा, की फेरी संपता संपता ट्यूब धरणारा गाडीशेजारी थांबेल आणि त्याच्यावर एक फ्लॅश पडेल. फ्लॅश नसेल तर फोनचा टॉर्च त्याच्या तोंडावर दोन सेकंद फिरवा, त्याला विचारून. पोस्टमध्ये गाडीचं मॉडेल आणि लेन्स लिहिता, तिथं त्याचंही नाव लिहा. आणि मागून बस गेली तर ती रेघ एकदा तरी राहू द्या.

गेल्या आठवड्यात दादाला सुट्टी होती. ट्यूब त्याच्या हातात दिली. तिसऱ्या फेरीला तो मागच्या दारापाशी थांबला आणि मी फ्लॅश मारला. फोटोत गाडीच्या छतावरून पांढरी रेघ वाहत येते आणि थेट त्याच्या हातात येऊन संपते. त्यानं फोन घेतला, दोन बोटांनी झूम केलं. गाडीकडे बघितलंच नाही.

"डोळे मिटलेत रे माझे," म्हणाला. "परत काढ."