‘कल’ला दोष कशाला?

‘उर्दूत कालही कल आणि उद्याही कल, म्हणून या लोकांना उद्याची फिकीर नसते.’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. आता तर बोलणारे त्याला संशोधनाचा दाखला जोडतात.

तो दाखला कीथ चेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या २०१३ च्या निबंधाचा. इंग्रजीत उद्याच्या पावसाबद्दल बोलताना क्रियापदाला सहसा भविष्यकाळाची जोड लागते, जर्मनमध्ये वर्तमानकाळावर भागतं. ज्यांच्या भाषेत भागतं त्यांना उद्या जवळचा वाटतो, म्हणून ते जास्त बचत करतात, सिगारेटही कमी ओढतात, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे मुद्दा क्रियापदाचा आहे, ‘कल’चा नाहीच. आणि क्रियापदात मराठी-उर्दू सख्ख्या बहिणी. ‘उद्या परीक्षा आहे’, ‘कल इम्तिहान है’. ‘येईन’ तसं ‘आऊंगा’. वर्गात दोन्ही भाषा शिकवते, मला तरी इथे फरक दिसत नाही. बरं, ‘कल’च धरायचा तर हिंदीतही तोच आहे. गुजरातीत ‘काले’ म्हणजे कालही आणि उद्याही, नेमकं सांगायचं तर ‘गई काले’, ‘आवती काले’ म्हणावं लागतं. गुजराती माणसाला बचत जमत नाही असं म्हणणारा मला अजून भेटायचाय!

२०१५ मध्ये शॉन रॉबर्ट्स आणि जेम्स विंटर्स यांच्यासोबत चेन यांनी स्वतःच हा दावा पुन्हा तपासला. एका कुळातल्या भाषा बोलणाऱ्यांचे रीतिरिवाजही बरेचदा सारखे असतात. ही नाती हिशेबात धरल्यावर भाषा आणि बचतीचा संबंध बराच कमजोर पडला. काही चाचण्यांत तो टिकला, हेही खरं. पण हा दुसरा निबंध पंगतीत कुणी सांगत नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या बायका भिशी लावतात. कुणाचा नंबर कुठल्या महिन्यात, हे आधीच ठरलेलं असतं. मुलीचं लग्न, मुलाची फी, सगळं त्या नंबरावर बेतलेलं. हा सारा हिशेब दखनीत चालतो, ‘कल’सकट. व्याज नको म्हणून आमच्यातले बरेच जण मुदत ठेव टाळतात, पण तो श्रद्धेचा भाग झाला, त्यात व्याकरण कुठून आलं?

भिशी म्हणजे बँक नव्हे, हेही तितकंच खरं. तिच्यावर दुकानासाठी कर्ज मिळत नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवले होते, तिथे कर्ज सहजी मिळत नसे. उद्याची तजवीज का होत नाही असं ज्यांना विचारायचंय, त्यांनी आधी अहवालाचं हे प्रकरण वाचावं. मग खुशाल माझ्याशी ‘कल’वर वाद घालावा.