सोनोग्राफी नॉर्मल, तरी कळ थांबेना? लपलेला खडा शोधणारी तपासणी तालुक्यापासून लांबच

नाशिक : ‘पित्त झालंय’ हा शब्द आपल्याकडे सगळ्याच पोटदुखीला चालतो. छातीत जळजळलं तरी पित्त, लग्नातलं तेलकट बाधलं तरी पित्त. मेडिकलमधून गोळी आणली की विषय संपला. पण उजव्या बरगडीखाली उठून पाठीकडे, खांद्याकडे जाणारी आणि तासन् तास न थांबणारी कळ वेगळी. तिथं पित्ताशयातल्या खड्याची शंका घ्यावी लागते.

मग सोनोग्राफी होते, रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’. खरी गडबड इथंच. पित्ताशयातला खडा सोनोग्राफीत सहसा दिसतो. तो घसरून पित्तनलिकेच्या खालच्या टोकाला अडकला, तर आतड्यातल्या गॅसमुळे झाकला जातो. दोन-तीन मिलिमीटरचे वाळूसारखे खडे तर पित्ताशयातही निसटतात. त्यात पेठ-सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीनं आलेला पेशंट स्टँडवर चहा-वडापाव खाऊन तपासणीला जातो. खाल्लं की पित्ताशय आकसतं, मग दिसणार काय?

हेच बारीक खडे स्वादुपिंडाला सूज आणतात. या सुजेचं दुसरं मोठं कारण दारू. त्यामुळे थेंबही न घेणाऱ्याकडे घरचेसुद्धा संशयानं बघतात, आणि दुखणं पुन्हा उलटतं.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब असतो. तोंडावाटे तो लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. पित्तनलिका तिथं अगदी लगत असते. एमआरआयमध्येही हुकलेला बारीक खडा यात सापडू शकतो. खडा काढायची ईआरसीपी वेगळी. तिच्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून आधी खात्री केलेली बरी.

मशीन महाग, त्यावर तयार हात लागतो. ते प्रत्येक तालुक्याला मागणं व्यवहाराला धरून नाही. पण ‘नॉर्मल’ रिपोर्टवर पेशंटला घरी पाठवू नये, लिव्हर आणि लायपेजची रक्ततपासणी करून पोटविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी, एवढं ग्रामीण रुग्णालयाकडून मागायलाच हवं. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही तपासणी त्यात बसते का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत राखीव असतात, उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.

कळीसोबत थंडीताप आणि डोळे पिवळे दिसले, तर काविळीचं झाडपाल्याचं औषध घ्यायला जाऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.